दोन एकर शेत कोळसा खाणीत जाते आहे: नोकरी घ्यावी की रोख?

उमरेडकडच्या एका आतेभावाचा परवा रात्री फोन आला. "दादा, सातबारा काढून ठेवला. नोकरी मागू का पैसे?" दोन एकर शेत, तूर आणि सोयाबीन, बांधाला खाणीच्या मातीचा ढिगारा टेकलेला. त्याला जे सांगितलं तेच इथे मांडतो.

आधी एक घोळ सोडवू. जमिनीचा मोबदला दोन्हीकडे मिळतोच. निवड करायची ती त्यापुढची. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दर दोन एकरांमागे एक नोकरी आहे, ती नको असेल तर एकरी ५ लाख रुपये. म्हणजे त्याच्यापुढे एकीकडे वेकोलिची (वेस्टर्न कोलफील्ड्स, कोल इंडियाचीच उपकंपनी) नोकरी, दुसरीकडे १० लाख.

जमीन घेण्याच्या बैठकीत "देशासाठी कोळसा" हे शब्द कानावर पडतात आणि ते खोटे नाहीत. देशातली सुमारे ७० टक्के वीज कोळशावर चालते. २०२४-२५ मध्ये १०० कोटी टनांहून जास्त कोळसा निघाला. या कोळशाचा पैसा जातो कुठे ते बघा. शंभर रुपयांच्या कोळशामागे १४ रुपये रॉयल्टी राज्याला. जुन्या खाणपट्ट्यांवर त्या रॉयल्टीच्या ३० टक्के, म्हणजे ४ रुपये २० पैसे, जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे, म्हणजे खाणबाधित गावांसाठीच्या जिल्ह्याच्या निधीकडे. सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी केंद्र आणि राज्याला. शिवाय कोल इंडियाचे सुमारे ६३ टक्के शेअर केंद्राकडे, म्हणून लाभांशही तिकडेच. रेल्वेचं मालभाडं वेगळंच. खाण चालू आहे तोवर हे सगळे दर टनामागे कमावत राहतात. ज्याची जमीन गेली त्याने रोख घेतली तर त्याचा हिशेब एका चेकवर मिटतो.

म्हणून माझा कौल नोकरीकडे. १० लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला सहा हजारही हाती येत नाहीत. नोकरीत पगार, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना, आणि ६० व्या वर्षापर्यंतचा भरवसा. गावात पैसे आले की आधी गाडी येते, मग घराचा स्लॅब, आणि चार वर्षांनी तोच माणूस मजुरीला जातो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, वाईट वाटतं.

पण नोकरी एकालाच मिळते, तिथे घर फुटतं. शिवाय वैद्यकीय तपासणीत पास व्हावं लागतं, आणि नोकरी उमरेडलाच राहील असं नाही. वेकोलिच्या खाणी चंद्रपूर, वणी, बैतूल, छिंदवाड्यापर्यंत आहेत. घरात तरुण कुणी नसेल, किंवा वाटेकरी पाच-सहा असतील, तर रोखच बरी. ती सरळ वाटता येते आणि बहिणीचा हिस्साही बुडत नाही.

प्रतिष्ठानचा पैसा या निवडीत धरू नका. तो पाणी, दवाखाना, शाळेसाठी आहे आणि खाणबाधित गावाचा हक्क आहे. नोकरी घ्या वा रोख, ग्रामसभेत तो मागायचाच.

आतेभाऊ दोघं भाऊ, एक बहीण. धाकटा बावीस वर्षांचा, धडधाकट. नोकरी त्याच्या नावे, आणि मोबदल्यातून बहिणीचा व मोठ्याचा वाटा आधी, असं ठरतंय. मी एवढंच म्हटलं की अर्ज देण्याआधी हे कागदावर लिही आणि तिघांच्या सह्या घे. तो म्हणाला, "ताईला बुटीबोरीहून रविवारी बोलावतो."