पाय सरळ करणारे बूट: पाच महिन्यांनंतर

लेकीच्या डाव्या बुटाचं वेल्क्रो पाचव्या आठवड्यात गेलं. उसवलं नाही, फाटलं नाही, चिकटायचंच बंद झालं. 2,600 रुपयांची वस्तू आणि दहा रुपयांच्या तुकड्यापायी बाद, म्हणून लिहायला बसले.

वर्णन करत बसत नाही, ज्यांनी हे बूट शोधलेत त्यांना ते पाठ असतात. सरळ साच्याचे, टाचेला कडक, दोन पट्टे, डावा-उजवा सारखाच. लेक साडेचार महिन्यांची असताना घेतले. उताणी झोपली की तिची दोन्ही पावलं एकमेकींकडे बघायची. तळवा खालून बघितला तर थेट काजू. आत्ती, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, ‘पोटात अडचणीत बसलीया, सुटंल आपोआप.’ अंघोळ घालणाऱ्या मावशी म्हणाल्या, ओढ द्यायला पाहिजे. मला रात्री तीन वाजता मोबाईलवर भलभलतं दिसलं आणि सकाळी मी कोल्हापुरात राजारामपुरीत दुकानात उभी. डॉक्टरांना विचारायचं सुचलंच नाही.

बूट चांगला शिवलेला आहे, हे मान्य. अस्तर मऊ, पायाला कुठं वळ नाही. पण वेल्क्रो! बाळ झोपल्यावर बूट काढायला जावं तर चर्रर्र असा आवाज, की पलीकडच्या खोलीतले मामा, म्हणजे सासरेसुद्धा कूस बदलायचे. कानावर उशी धरून, एकेक दात सोडवल्यासारखं काढलं तरी तेच. शिवाय ते वाकळंला चिकटायचं. आत्तींच्या आईनं हातानं शिवलेली वाकळ, तिचे दोरे ह्या बुटानं उपसले. दोरे, केस, कापूस, लोकरीच्या टोपीची लव, सगळं त्या काट्यांत जाऊन बसलं. दात घासायच्या जुन्या ब्रशनं साफ केलं, टाचणीनं उकरलं. महिनाभरात डाव्याचं सगळं संपलं.

दुकानात गेले. ‘वहिनी, वापरातली वस्तू हाय, झिजणारच.’ म्हटलं, पाळण्यात झोपलेल्या पोरीनं बूट कशानं झिजवला? त्यावर उत्तर नाही. वॉरंटी फक्त तळव्याला म्हणे. जो तळवा अजून जमिनीला लागलेलाच नाही! नवा पट्टा साडेतीनशेला, आणि तोही जोडीच घ्यायची. उजवा धड असताना जोडी कशाला? मी घेतला नाही. पैशाचा प्रश्न नव्हता असं म्हणणार नाही, होता.

मग चप्पल लाईनला एका कारागिराकडं नेला. त्यानं उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, ‘ताई, ह्यात डावा कंचा?’ चाळीस रुपयांत नवं वेल्क्रो शिवून दिलं. काम चोख, पण वेल्क्रो जाड, पट्टा वळेना, आणि पोरगी एक लाथ मारून बूट पाळण्याबाहेर. तेव्हापासून डावा बूट खिडकीत आणि उजवा पायात. नाहीतर पैसे वाया.

इथपर्यंतचं मी मागंच लिहून ठेवलं होतं आणि तीन चांदण्या दिल्या होत्या. बूट उत्तम, वेल्क्रो भिकार, असा निकाल. कारण पाऊल खरंच सरळ होत होतं.

मग नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस द्यायला गेलो. बालरोगतज्ज्ञांनी एका पायातला बूट बघितला, हसल्या, आणि लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडं चिठ्ठी दिली. हाडांच्या डॉक्टरांनी आधी मांड्या फाकवून खुबे तपासले. मग टाच धरून पावलाच्या बाहेरच्या कडेवर बोटानं गुदगुली केली. पोरीनं पाऊल आपणहून सरळ केलं. दुसऱ्याचंही तेच. टाचेच्या मधून सरळ रेघ काढली तर ती दुसऱ्या-तिसऱ्या बोटाकडं जायला हवी, तशी दोन्हीकडं जात होती. मी विचारलं, ह्यातलं बुटातलं पाऊल कुठलं? त्यांना सांगता येईना.

म्हणजे तीन-साडेतीन महिने एका पायात 1,300 रुपये होते, दुसऱ्यात काही नव्हतं, आणि दोन्ही सारखेच सुटले.

ह्याला मेटाटार्सस ॲडक्टस म्हणतात. पोटात दाबून राहिल्यानं पावलाचा पुढचा भाग आत वळतो, टाच जागेवरच असते. हातानं सहज सरळ होत असेल तर बहुतेक बाळांचं पहिल्या वर्षात, काहींचं जरा उशिरा, आपोआप जातं. पाऊल कडक असेल तर प्लास्टर घालतात आणि ते आठ-नऊ महिन्यांच्या आत केलेलं बरं. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. पाय कडक असता तर तेवढे महिने मी दुकानदाराशी पट्ट्यावरून भांडण्यात घालवले असते. आत्ती शेजारीच बसल्या होत्या, काही बोलल्या नाहीत, पण बोलल्यासारखंच होतं.

एक गोष्ट मात्र नीट वाचा. माझा राग दांडी जोडलेल्या बुटांवर काढू नका. ते क्लबफूटसाठी असतात. त्यात टाचही आत आणि वर ओढलेली असते, पाऊल वर दुमडत नाही. तिथं जन्मल्यावर थोड्याच आठवड्यांत पोन्सेटी पद्धतीनं दर आठवड्याला प्लास्टर बदलतात, बऱ्याचदा टाचेमागची धोंडशीर छोटा छेद देऊन सोडवतात, मग ते बूट तीन महिने दिवसाचे 23 तास आणि पुढं मूल चार वर्षांचं होईपर्यंत झोपेत. ते मधेच सोडले तर पाय परत वळू शकतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूट धरलेला आहे, त्यामुळं सरकारी दवाखान्यात आधी विचारा.

डॉक्टरांनी निघताना अजून एक बजावलं: चालायला लागली की परत पाय आत पडल्यासारखे दिसतील. ते बहुधा नडगीच्या पिळामुळं असतं आणि शाळेत जाईपर्यंत सुटतं. लंगडली, दुखलं किंवा एकच पाय वळला तर दाखवायला या, दुकानात जाऊ नका. ‘दुकानात’ म्हणताना माझ्याकडंच बघत होते.

तर तीनची एक चांदणी केली आहे. लेक आता दिवाण धरून उभी राहते, अनवाणी. उजवा बूट तिनं खेळायला घेतलाय, पट्टा ओढून चर्रर्र करते आणि खिदळते. डावा दिला तर फेकून देते, त्याचा जाड पट्टा तिला ओढवत नाही, मग आवाज नाही.