काटा भरलेला, टाकी रिकामी : किट-कार बांधून अकरा महिने चालवल्यानंतर

गाडी बंद पडली तेव्हा पेट्रोलचा काटा ‘फुल’च्याही जरा पुढे उभा होता. उतारावर इंजिन दोनदा खोकलं, चढाला लागल्यावर गप्प झालं, आणि उरलेल्या वेगावर मी ती कशीबशी कडेला घेतली. आधी संशय कॉइलवर, मग पंपाच्या रिलेवर, मग एकेक फ्यूज काढून उजेडात धरून पाहिला. बायको शेजारच्या सीटवरून बघत होती.

“पेट्रोल संपलं नसेल ना रे?”

“काटा बघ की. टाकी भरलेली आहे.”

“मला काय दाखवतोस, गाडीला दाखव.”

पाऊण तासाने मी मागे गेलो, टाकीचं झाकण उघडलं आणि कंबरेचा रेटा देऊन गाडी हलवली. पेट्रोल असतं तर डुचमळलं असतं. आतून काहीच आवाज नाही.

हे सगळं त्या काट्यापायी लिहितोय. ओघात गाडीबद्दलही सांगतो.

किट-कार (कंपनीकडून सुटे भाग मागवून आपण स्वतः जोडायची गाडी) काय असते ते वाचणाऱ्यांना माहीत असणार, म्हणून थोडक्यात. लोटस सेव्हन या जुन्या, उघड्या, हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या धाटणीची रेप्लिका. चासी पंचवीस मिलिमीटरच्या चौकोनी नळ्यांची, बाजूंना ॲल्युमिनियमचा पत्रा, नाक आणि मडगार्ड फायबरचे. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, हब, ब्रेक सगळं पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ या दोन सीटच्या उघड्या गाडीमधून, १.६ लिटरवाल्या. मूळ गाडी साडेनऊशे किलोच्या आसपास असते, माझी वजनकाट्यावर ५९० भरली (तो काटा खरं बोलला). इंजिन साधारण ११५ हॉर्सपॉवरचं, म्हणजे टनामागे १२० वरून थेट १९५. दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की डोकं मागे जातं. आजवर ज्यांना ज्यांना फिरवून आणलं, ते सगळे उतरताना हसत उतरले.

बांधायला एकोणीस महिने लागले. विकणारा जे तास सांगतो त्याला तिनाने गुणा आणि ते कोणालाही सांगू नका. सगळ्यात कंटाळवाणं काम पत्र्याचं वाटलं होतं, पण ते आवडलं. सीलंटची वळी ओढायची, पत्रा चिमट्यांनी धरायचा, ड्रिल, मग रिव्हेट गनचा ‘टक्’. सहाशेच्या वर रिव्हेट मारले. वायरिंगने मात्र जीव खाल्ला. एमएक्स-५ चा हार्नेस (गाडीभर फिरणारा वायरींचा जुडगा) जसाच्या तसा घालता येत नाही. वर-खाली होणाऱ्या हेडलाइटच्या मोटारी, पॉवर विंडो, दारं, डिकी, यांच्या वायरी एकेक शोधून काढाव्या लागतात. बादलीभर वायर निघाली. तांबं म्हणून ती मी अजून टाकलेली नाही.

डिझाइनचं स्वातंत्र्य किटमध्ये फारसं नसतं, डॅशबोर्ड तेवढा आपला. पुठ्ठ्याचा डॅशबोर्ड कापून, पालथ्या बादलीवर बसून, हातात सुटं स्टिअरिंग धरून मी घड्याळं कुठे बसवायची ते ठरवलं. पेट्रोलचा काटा बरोब्बर मधोमध. स्पीडोमीटर कोपऱ्यात गेला आणि आता स्टिअरिंगच्या कडेमागे अर्धा झाकतो. माझ्या मित्रांना हे विचित्र वाटतं. मला किती वेगात चाललोय यापेक्षा किती जळतंय यात जास्त रस आहे, त्याला मी काय करू?

पहिले सात महिने तो काटा घड्याळासारखा चालला. मग आठव्या महिन्यात चमत्कार झाला. टाकी भरली, तीनशे किलोमीटर गेलो, आणि काटा जेमतेम एका केसाने खाली. मी हिशेब मांडला. गाडी हलकी आहे, इंजिनाला ओझंच नाही, म्हणजे पिणार कमी. हे मी चार लोकांना अभिमानाने सांगितलं. एकाला तर वजन आणि मायलेज यांचा संबंध कागदावर काढून दाखवला. खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं. वजन कमी असण्याचा फायदा थांबत-सुटत जाताना होतो. मोकळ्या रस्त्यावर वाऱ्याशी गाठ असते, आणि उघडी चाकं, उभी काच असलेली ही गाडी वाऱ्याच्या दृष्टीने म्हणजे चाकावरचं कपाट. पण फुकटची बातमी कोणाला खोटी वाटते? ४१० किलोमीटरला ती चढावर थांबली. ३६ लिटरच्या टाकीतले तळचे एक-दोन लिटर पंपाला उचलता येत नाहीत, ते सोडून हिशेब करा. लिटरला बारा. मूळ एमएक्स-५ ही साधारण एवढंच देते.

घरी आल्यावर किट कंपनीला पत्र लिहिलं. तुमचा सेंडर खराब आहे, बदलून द्या. (सेंडर म्हणजे टाकीतला तरंगता गोळा आणि त्याच्या दांड्याला जोडलेला रेझिस्टन्स; काटा तोच वाचतो.) त्यांनी फोटो मागितले, मी अकरा पाठवले. त्यांनी विचारलं, बसवताना वाकला का? मी लिहिलं, वाकला असता तर सात महिने चालला कसा? आठ दिवस उत्तर नाही. नवव्या दिवशी कळवलं की नवा सेंडर पाठवतो, पोस्टेज तुमच्याकडे. खराब माल त्यांचा आणि टपालखर्च माझा, हा कुठला न्याय? तरी भरला. पार्सल आलं तर आत सेंडर आहे, गॅस्केट (गळती अडवणारी गादी) नाही! पाच भोकांची चकती, तिच्याखाली जुनं दबलेलं कॉर्कचं गॅस्केट पुन्हा घालावं लागलं. दोन दिवस गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास, मग ते काढून नवं रबरी कापलं. एवढं करून काटा पाहिला. ‘फुल’. टाकीत चार लिटर होतं.

इथवर लिहिलेलं मी त्याच रात्री लिहिलं होतं, आणि कंपनीबद्दल पुढे आणखी तीन परिच्छेद होते. ते काढून टाकलेत. का ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी मल्टीमीटर घेऊन बसलो. माझा सेंडर १० ते १८० ओहमचा आहे, टाकी रिकामी तर १०, भरलेली तर १८०. म्हणजे रेझिस्टन्स वाढला की काटा वर जातो. आता हे उलट करून पाहा. टाकीत काहीही असो, वाटेत कुठे जोड सैल झाला, गंजला, तर तिथला रेझिस्टन्स सेंडरच्या रेझिस्टन्समध्ये मिसळतो आणि काटा समजतो की पेट्रोल वाढलं. वायर पूर्ण सुटली तर तो ‘फुल’च्या पलीकडे जाऊन उभा राहतो. अमेरिकन पद्धतीचे सेंडर याच्या उलट असतात, रिकाम्याला २४०, भरल्याला ३३. त्यात वायर सुटली तर काटा खाली पडतो आणि माणूस घाबरून पंपावर जातो. बिघडायचंच असेल तर असं बिघडावं. माझा काटा बिघडला तो खोटं बोलून, आणि तेही गोड.

मी सेंडरच्या चकतीपासून चासीपर्यंत मोजलं. शून्याच्या जवळ काहीतरी यायला हवं होतं. आलं १४०. बोट लावून वायर हलवली, ९०. सोडली, १६०.

सेंडरची अर्थिंगची वायर (करंट चासीवाटे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी) टाकीमागच्या एका ब्रॅकेटवर आयलेट (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि बोल्टने जोडलेली. ब्रॅकेट पावडर कोटिंगचं (प्लास्टिकसारखा थर, त्यातून वीज जात नाही), काळं, चकचकीत, अजून नवं दिसणारं. बोल्ट काढला. आयलेटखालचं कोटिंग शाबूत होतं, फक्त बोल्टच्या आट्यांनी भोकाच्या कडेला लोखंड खरवडलं होतं. सात महिने सगळा अर्थ त्या खरवडलेल्या रेघेतून जात होता. मग पावसाचं पाणी, थरथर, तांबूस गंज. मूळ एमएक्स-५ मध्ये ही भानगड नाही, अख्खी बॉडी पोलादाची आणि अर्थिंगचे बिंदू कारखान्याने नीट केलेले. इथे मागचे मडगार्ड फायबरचे, चासीवर प्लास्टिकचा कोट, आणि टाकी रबराच्या पट्ट्यांवर बसवलेली. टाकी म्हणजे विजेच्या दृष्टीने बेटच.

कानशीने नखाएवढी जागा घासली. काळ्याखालून पांढरं चकचकीत लोखंड वर आलं, आयलेट त्यावर दाबलं, दातेरी वॉशर, बोल्ट, वरून ग्रीस. मीटरवर ०.२. चावी फिरवली. काटा हळूहळू, लाजल्यासारखा खाली आला आणि लाल रेघेशी टेकला. शिवाय दुसरी वायर ओढून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेली, कारण आता माझा कोणावरच विश्वास नाही.

तर कोटिंग खरवडलं नव्हतं कोणी? मीच. मला ती जागा आठवते. एवढं सुंदर कोटिंग, आणि तिथे कानस चालवायची? जिवावर आलं. त्यामुळे सेंडर खराब होता हे माझं म्हणणं मी मागे घेतो. जुना आता कपाटात आहे, चांगला चालतो.

पण मॅन्युअलबद्दलचं म्हणणं मागे घेत नाही. त्यात ओळ आहे : ‘अर्थची वायर योग्य ठिकाणी जोडावी.’ योग्य म्हणजे कुठे? योग्य म्हणजे कसं? अशा ओळीला अर्थ नाही, दोन्ही अर्थांनी. सेव्हन १९५७ मध्ये आली तेव्हा ब्रिटनमध्ये तयार गाडीवर परचेस टॅक्स होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून कॉलिन चॅपमनच्या लोटसने ती किट म्हणूनही विकली. असं सांगतात की जोडणीच्या सूचना दिल्या तर टॅक्स लागेल, म्हणून गाडी ‘सुटी कशी करावी’ याच्या सूचना दिल्या आणि लोकांनी त्या उलट्या वाचल्या. ते परवडलं! १९७३ मध्ये व्हॅट आला, ती पळवाट बुजली, सेव्हनचे हक्कही त्याच वर्षी केटरहॅम या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीकडे गेले. टॅक्सची सबब जाऊन इतकी वर्षं झाली, तरी किटवाल्यांना सूचना लिहिण्याची भीती वाटते ती वाटतेच.

कोणाचा काटा असाच वागत असेल तर सेंडर मागवण्याआधी दोन मिनिटं द्या. सेंडरवरची सिग्नलची वायर काढा, काटा एका टोकाला जायला हवा. तीच वायर चासीच्या उघड्या लोखंडाला टेकवा, दुसऱ्या टोकाला जायला हवा. टाकीच्या तोंडाशी ठिणगी नको, म्हणून आधी इग्निशन बंद, वायर टेकवा, मग चालू. दोन्ही झालं तर काटा आणि त्याची वायर ठीक, दोष सेंडरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये. आणि दहापैकी कितीदा अर्थिंगमध्ये, ते मला विचारू नका, मी अजून चिडलेलो आहे.

बाकी तक्रारी पटकन. ब्रेकला बूस्टर बसत नाही, पेडल दगडासारखं. पहिल्या आठवड्यात शिव्या दिल्या, आता दुसऱ्या गाडीचं पेडल लोण्यासारखं वाटतं आणि ते आवडत नाही. पेडलं इतकी जवळ आहेत की जाड तळव्याचे बूट चालत नाहीत. एक्झॉस्ट बाजूने जातो, उतरताना पोटरी लागली की भाजते. मी एकदा, बायको एकदा, नंतर कोणी नाही. छत बसवायला पाऊस लागल्यापासून सात मिनिटं, तोवर पाऊस आत आलेला असतो. इंडिकेटर आपोआप बंद होत नाही. नंबर मिळवण्याचे नियम प्रत्येक देशात वेगळे, कडांच्या गोलाईपासून दिव्यांच्या उंचीपर्यंत, तेव्हा किट मागवण्याआधी ते वाचा.

अर्थिंग झाल्यावर सगळं मिटलं असं वाटलं होतं. मिटलं नाही. टाकी रुंद आणि उथळ, आत आडवे पडदे नाहीत. डाव्या वळणावर पेट्रोल उजवीकडे धावतं, गोळा उचलला जातो, काटा पाऊण टाकी दाखवतो. उजव्या वळणावर लाल रेघ. सरळ रस्त्यावर अर्धी. ही गाडी वळणांसाठी बांधली, आणि तिचा काटा फक्त सरळ रस्त्यावर खरं बोलतो.

त्यामुळे आता माझ्याकडे पट्टी आहे. पत्र्याच्या कामात उरलेली लाकडाची, फूटभर. टाकी पूर्ण रिकामी करून पाच-पाच लिटर ओतत गेलो आणि प्रत्येक वेळी खूण केली. खुणा सारख्या अंतरावर नाहीत, तळाशी दाट, वर विरळ, कारण टाकी खाली पसरट आहे. रंधा मारलेल्या लाकडावरची ओल क्षणात उडून जाते, म्हणून पट्टी मुद्दाम खडबडीत ठेवली. झाकण काढायचं, पट्टी तळाला टेकवायची, उचलून लगेच बघायचं. निघण्याआधी बायको आता काट्याकडे बघतही नाही. “पट्टी टाकलीस?” एवढंच विचारते.

अर्थिंगचा सगळा प्रकार फोटोंसकट कंपनीला कळवला, मॅन्युअलमधली ती ओळ बदला म्हणून. परवा उत्तर आलं. आभार मानलेत, पुढच्या छपाईत ‘कोटिंग खरवडून’ हे दोन शब्द घालू म्हणालेत. गॅस्केट सोबत का नव्हतं याचंही कारण दिलंय. पोस्टेजबद्दल अवाक्षर नाही.