वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातला करिअर सल्ला: बायोमेडिकलसाठी जरूर जावं असा

नीटमध्ये एमबीबीएसपुरते गुण आले नाहीत, तेव्हा आमच्या लेकीने बायोमेडिकल सायन्सचा, म्हणजे आजार आणि औषधांमागच्या विज्ञानाचा, ध्यास घेतला. घरात कोणालाच त्यातलं फारसं कळेना. माझे दीर तर ते बायोमेडिकल इंजिनिअरिंगच समजत होते.

आधी एका चकचकीत ऑफिसात गेलो. तिथे पाचव्या मिनिटाला खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक हातात आलं, वर शंभर टक्के प्लेसमेंटची हमी. मग बहिणीने दांडिया बाजारातल्या एका काकूंचं नाव सुचवलं. औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमधून निवृत्त झाल्यापासून त्या घरीच मुलांना सल्ला देतात. फी 600 रुपये.

त्यांनी माझ्याकडे न बघता लेकीलाच विचारलं, "तुला पेशंटशी बोलायला आवडेल की पेशंटच्या रक्ताचा नमुना बघायला?" ती म्हणाली, नमुना. मग पुढचं सगळं बोलणं तिच्याशीच.

ही पदवी घेऊन डॉक्टर होता येत नाही, हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. तपासण्या करशील, पण निदान डॉक्टरचंच. लवकर लॅबमध्ये उभं राहायचं असेल तर डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, हा जवळचा रस्ता. क्लिनिकल रिसर्च (माणसांवरच्या औषध-चाचण्या), फार्माकोव्हिजिलन्स (औषधांचे दुष्परिणाम नोंदवून तपासणं) किंवा क्यूसी मायक्रोबायोलॉजी (क्वालिटी कंट्रोलमधली जंतूंची तपासणी), यासाठी एम.एस्सी. धरूनच चाल. संशोधनात जायचं तर नेट परीक्षा देऊन मिळणारी जेआरएफ ही फेलोशिप: महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं, पण पीएचडीची पाच-सहा वर्षं मोजायची तयारी ठेव.

मला सर्वांत भावलं ते त्यांनी केलेलं स्टरिलिटी टेस्टचं, म्हणजे औषधात जंतू नाहीत ना हे तपासण्याचं, वर्णन. इंजेक्शनचा नमुना पोषक द्रवात घालून 14 दिवस ठेवायचा आणि द्रव गढूळ होतो का बघत राहायचं. काहीच उगवलं नाही तर नमुना पास. "14च दिवस का?" लेकीने विचारलं. काही जंतू फार सावकाश वाढतात, म्हणून. हा प्रश्न विचारल्याबद्दल काकू इतक्या खूश झाल्या की चहा आला!

पदवीच्या नावामागे धावू नका, असं त्यांचं ठाम मत. बायोमेडिकल सायन्स ऑनर्सच हवं असेल तर दिल्ली विद्यापीठाची काही कॉलेजं आहेत, त्यासाठी सीयूईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पण आधी आपल्या एम.एस. विद्यापीठातले मायक्रोबायोलॉजी आणि बायोकेमिस्ट्री विभाग बघून या, म्हणाल्या. बायोकेमिस्ट्री विभाग 1955 सालचा, नोबेल विजेते शास्त्रज्ञ वेंकी रामकृष्णन यांच्या वडिलांनी उभा केलेला. वेंकी स्वतः इथले फिजिक्सचे पदवीधर, आणि 2009 साली नोबेल मिळालं ते केमिस्ट्रीचं, रायबोसोमवरच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेवरच्या, कामासाठी. लेक हे ऐकून घरी येईपर्यंत रायबोसोमवरच बोलत होती.

परदेशाबद्दल मात्र तिथे कमी मिळतं. ब्रिटनमध्ये 'बायोमेडिकल सायंटिस्ट' म्हणून काम करायला एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेची नोंदणी लागते, म्हणून तिथल्या कोर्सला आयबीएमएस या व्यावसायिक संस्थेची मान्यता आहे का बघा, एवढंच त्यांनी सांगितलं. अमेरिका, जर्मनीसाठी दुसरीकडे विचारावं लागेल.

फोनवर सल्ला देत नाहीत. आणि मुलाला बरोबर न्याच. आमच्याआधी एक वडील एकटेच आले होते, त्यांना काकूंनी रविवारी मुलासकट यायला सांगून परत पाठवलं.