एलएलएम: शिकवायचं असेल तर घ्या, कोर्टात उभं राहायचं असेल तर थांबा

एलएलएम, म्हणजे एलएलबीनंतरची कायद्याची पदव्युत्तर पदवी, ही मुळात शिकवणाऱ्यांची पदवी. वकिलीची सनद एलएलबीवरच मिळते, न्यायाधीशाच्या परीक्षेलाही एलएलएमची अट नाही. कायद्याचा प्राध्यापक व्हायचं असेल तर मात्र तिच्यावाचून गत्यंतर नाही: एलएलएमला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०) आणि जोडीला नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा. जेआरएफच्या (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) वयोमर्यादेत एलएलएमवाल्यांना तीन वर्षांची सूट असते, ही पदरात पडणारी चांगली गोष्ट.

सातारा-सांगलीकडचा हिशोब मात्र आता बदललाय. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात चालू झालं. हायकोर्टाचं जे कामकाज ज्युनिअर वकिलाला मुंबई गाठल्याशिवाय बघायला मिळत नव्हतं, ते सांगलीहून सकाळची एसटी धरून बघता येतं. नेमकी हीच वर्षं वर्गात घालवणं महागात पडतं. त्यात सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. त्याचा दाखला निदान दहा वर्षं वकिली झालेल्या सीनिअरने द्यायचा आणि त्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा शेरा घ्यायचा. वकीलपत्रावर आणि रोजनाम्यात (कोर्टाची तारखेवारची नोंद) नावच नसेल तर सीनिअर दाखला देणार कशाच्या जोरावर?

एक वर्षाचा एलएलएम हवा असेल तर मुख्य वाट म्हणजे क्लॅट पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन राष्ट्रीय विधी विद्यापीठ गाठणं. १२० प्रश्न, १२० मिनिटं, चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा. घर सोडायची तयारी हवी. दोन वर्षांचा कोर्स तुलनेने सोपा, पण रेंगाळतो.

पदवीचा खरा कस लागतो प्रबंधात, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडकते. ‘भारतातील महिलांचे हक्क’ असला विषय घेतला की शंभर पानं भरतात, हाती काही लागत नाही. आपल्याकडे विषयांना तोटा नाही. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) कारखान्याने १४ दिवसांत द्यायची, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. मग एका तालुक्यात किती शेतकऱ्यांनी ते व्याज मागितलं, किती जणांना मिळालं, हा प्रश्न दोन वर्षांत पुरा होतो. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे; मार्केट यार्डातले किती जण अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंदलेत? कोयनेच्या धरणग्रस्तांचं पुनर्वसन हा तर न संपणारा विषय. एकाच गावापुरता घ्यावा. प्रश्नावली आधी दहाएक जणांवर तपासून बघा. ‘एफआरपी’ कळते, पण ‘विलंबित देयकावरील व्याज’ विचारलं की शेतकरी गप्प बसतो आणि रकाना कोराच राहतो.

निकालपत्रांसाठी सर्वोच्च न्यायालयाचं ई-एससीआर हे निकालांचं ऑनलाइन संकलन फुकट आहे. उतारे मात्र जपून घ्या. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं, १० ते ४० मध्ये गेलं की सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून पुन्हा द्यायचा. कायद्याची कलमं या मोजणीतून वगळायची असतात. निकालातला परिच्छेद अवतरणचिन्हं आणि संदर्भ न देता डकवला की तो धरला जातो, आणि टक्केवारी तिथेच फुगते.

प्रॅक्टिस सांभाळून शिकवायचं असेल, तर बार कौन्सिलच्या नियमाने वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. त्याहून जास्त तासांची नेमणूक स्वीकारण्याआधी सनदेचं काय करायचं, ते स्टेट बार कौन्सिलकडून लेखी घ्या.