पट्टी बांधलेली सोनचाफ्याची 'कलमं'

जूनचा पहिला आठवडा, २०१७. हायवेच्या कडेला झाडांचा टेम्पो उभा होता. पुढच्या रांगेत दोन फुटांचा सोनचाफा, त्यावर तीन पिवळी फुलं. वास रस्त्याच्या पलीकडून येत होता. माझ्या माहेरच्या अंगणात सोनचाफ्याचं मोठं झाड होतं, त्यामुळे मी थांबलेच.

विकणारा चांगला बोलका होता. "ताई, कलम आहे. दीड वर्षात फूल नाही आलं तर पैसे परत." प्रत्येक रोपाच्या बुंध्याला, मातीपासून वीतभर वर, पॉलिथिनची पांढरी पट्टी गुंडाळलेली होती. एक रोप तीनशे रुपयांना. परड्यात जागा होती, बाजारातल्या हारवाल्याला फुलं द्यायचं मनात होतं. मी पंधरा घेतली आणि फुलं आलेलं नमुन्याचं रोप त्यात धरूनच द्या, असा हट्ट केला. त्याने का-कू केली, पण दिलं. बिल मागितलं नाही. त्याने छापील कार्डावर नंबर दिला, तेवढ्यावर माझं समाधान झालं.

पुढे जे झालं ते त्या नमुन्याच्या रोपामुळे झालं. ते खरोखरच कलम होतं. त्याला त्याच वर्षी ऑक्टोबरात पुन्हा फुलं आली. ते बघून मला बाकीच्यांबद्दल शंकाच आली नाही. दोन रोपं पहिल्याच पावसात पाणी साचून मेली. सोनचाफ्याला पायाशी पाणी उभं राहिलेलं चालत नाही, ती चूक माझी होती. उरलेली तरारून वाढत होती. शेजारच्या वहिनी रोज ते फुललेलं झाड बघायच्या. पुढच्या पावसाळ्यात तोच टेम्पो आला तेव्हा मीच त्यांना म्हटलं, "घ्या, माणूस खात्रीचा आहे." त्यांनी भाजीचे वाफे मोडून सहा लावली.

दीड वर्ष गेलं, दोन गेली. झाडं सरळ वर चालली होती, कळीचं नाव नाही. फोन केला तर म्हणाला, जमीन जड आहे, खत घाला. शेणखत घातलं, रासायनिक खत घातलं, शेंडे खुडले. पानंच पानं. तिसऱ्या वर्षी तो नंबर बंद झाला.

२०२२ च्या मे महिन्यात आंब्याची कलमं बांधणारे एक काका गावात आले होते. त्यांना परड्यात नेलं. ते फुलणाऱ्या झाडापाशी वाकले, माझा अंगठा धरून बुंध्यावरून फिरवला. वीतभर उंचीवर तिरपा वळ लागला, किंचित फुगीर. त्याच्या खालची साल खरखरीत, वरची वेगळ्या छटेची. हा सांधा. खाली बियांपासून आलेला खुंट, वर फुलणाऱ्या झाडाची काडी. मग दुसऱ्या झाडावरून अंगठा फिरवला. खालपासून वरपर्यंत एकसारखं खोड. तिसरं, चौथं, सगळी तशीच. रोपवाटिकेत चाळीस-पन्नास रुपयांना मिळणारं बियांचं रोप, त्यावर नुसती पट्टी गुंडाळलेली. बियांच्या सोनचाफ्याला फूल यायला आठ-दहा वर्षंही लागतात. कलमाची काडी फुलायच्या वयाच्या झाडाची असते, म्हणून ते एक-दोन वर्षांत फुलतं.

पहिल्या दिवाळीत पट्ट्या मीच ब्लेडने कापल्या होत्या. आत गुळगुळीत खोड दिसलं होतं. सांधा भरून आला असेल, असं मला वाटलं. सांधा भरतो, पण खूण राहते.

काकांनी आणखी एक दाखवलं. माझ्या झाडांची पानं एकसारखी नव्हती. कुठलं रुंद, कुठलं निमुळतं, कुणाच्या पाठीवर लव जास्त. एका झाडाच्या काड्यांची कलमं असती तर पानं सारखी असती. हे मला टेम्पोपाशीच दिसलं असतं.

म्हणून सोनचाफ्याचं कलम घेताना एका रोपाची पट्टी विक्रेत्यालाच सोडायला सांगा. "आत्ताच बांधलंय, सोडता येत नाही" म्हणाला तर ते घेऊच नका, सांधा पक्का भरलेलं रोप मागा. प्रत्येक रोपाचा सांधा हाताने बघा, नमुन्याच्या फुलावर जाऊ नका. आणि घरी आणल्यावर सांध्याखालून येणारी फूट खुडत राहा. ती वाढली तर खरं कलमही खुंटाचंच झाड होऊन बसतं.

बिल घ्या आणि त्यावर 'सोनचाफा कलम' असं लिहून घ्या. मी ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला होता. विक्रेत्याचा पत्ता नाही, पावती नाही, आणि ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षांची. उशिराचं कारण पटवून देता येतं, पण तक्रार करायची कोणाविरुद्ध? झाड जिवंत असतं, हिरवंगार असतं, म्हणून आपण वाटच बघत राहतो आणि मुदत निघून जाते. साडेचार हजारांपेक्षा ती पाच वर्षं मनाला जास्त लागतात.

त्या पावसाळ्यात काकांनी अकरा झाडं कंबरेएवढी छाटली आणि नव्या फुटीवर खऱ्या झाडाच्या काड्या बांधल्या. सात जगली, आता फुलतात. वहिनींनी मात्र त्यांची सहाही तोडून पुन्हा भाजी लावली. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटतं.

विहिरीजवळचं एक झाड मी छाटलं नव्हतं. २०२५ च्या सप्टेंबरात सकाळी पाणी काढताना वास आला. वर बघितलं, विहिरीच्या रहाटापेक्षा कितीतरी उंच, शेंड्याला फुलं होती. बांबूला आकडा बांधून दोन काढली. एक देवाला वाहिलं, दुसरं वहिनींच्या हातात नेऊन दिलं.