यूएसबी टीव्ही ट्यूनर आणि लॅपटॉप : युरोपातल्या फिरतीतला अनुभव

अंगठ्याएवढी यूएसबी स्टिक, वीतभर लांबीचा चुंबकी बुडाचा अँटेना आणि एक इवलासा रिमोट, जो पहिल्या दिवसापासून बॅगेच्या तळाशी पडून आहे. कामानिमित्त युरोपात या देशातून त्या देशात फिरणं सुरू झाल्यापासून गेले काही महिने संध्याकाळचा टीव्ही याच्यावरच बघतोय. अँटेना हवेतून येणारा टीव्हीचा सिग्नल पकडतो, स्टिक तो लॅपटॉपला देते.

इंटरनेट असताना हा खटाटोप कशाला, असं बरेच जण विचारतात. एक तर हॉटेलचं वायफाय. सगळे पाहुणे जेवून खोलीवर आले की ते मान टाकतं, आणि मोबाइल डेटावर एचडी बघायचं तर तासाला 3 जीबीपर्यंत उडतात. दुसरं म्हणजे सीमा. बीबीसीची आयप्लेअर ही इंटरनेटवरची सेवा ब्रिटनबाहेर चालत नाही, बाकीच्या सार्वजनिक वाहिन्यांचेही बरेच कार्यक्रम त्या त्या देशापुरतेच. पैसे भरून घेतलेली सेवा दुसऱ्या सदस्य देशात तात्पुरतं गेल्यावरही चालली पाहिजे, असा युरोपीय संघाचा नियम 1 एप्रिल 2018 पासून आहे खरा, पण तो संघातल्या रहिवाशांसाठी. भारतातल्या सबस्क्रिप्शनला त्याचा काही उपयोग नाही. हवेतून येणारा सिग्नल मात्र तुम्ही कुठले, खातं कुठलं, काही विचारत नाही.

घेताना खोक्यावरच्या ‘संपूर्ण युरोपात चालते’ या ओळीवर जाऊ नका. आत डीव्हीबी-टी2, म्हणजे अँटेनावरच्या डिजिटल टीव्हीचं नवं तंत्र, आहे का, एवढं बघा. नुसत्या जुन्या डीव्हीबी-टीची स्टिक स्वस्त पडते, पण जर्मनीत तिला काहीही दिसत नाही. तिथलं प्रक्षेपण मार्च 2017 पासून टप्प्याटप्प्यानं टी2 आणि एचईव्हीसी या चित्र जास्त दाबून पाठवायच्या पद्धतीवर गेलं. एआरडी, झेडडीएफ या सार्वजनिक वाहिन्या फुकट दिसतात. आरटीएलसारख्या खासगी वाहिन्या स्कॅनमध्ये, म्हणजे वाहिन्या शोधताना, सापडतात, पण कुलूपबंद. त्यांना वेगळे पैसे. शिवाय स्टिक फक्त सिग्नल पकडते, चित्र उलगडण्याचं काम लॅपटॉपचं. प्रोसेसर जुना असेल तर एचईव्हीसी लावल्यावर पंखा घरघरतो आणि चित्र अडखळतं. फ्रान्स आणि स्पेनमध्ये ही कटकट कमी, बहुतेक वाहिन्या अजून साध्या डीव्हीबी-टीवरच एचडीत येतात.

स्वित्झर्लंडला जाणार असाल तर अपेक्षा ठेवूच नका. तिथल्या सार्वजनिक प्रसारकानं 2019च्या जूनमध्ये अँटेनावरचं प्रक्षेपणच बंद केलं. जिनिव्हात मला जे काही मिळालं ते शेजारच्या फ्रान्सचं!

खरा खेळ अँटेनाचा आहे, आणि इथेच बरेच जण स्टिकला नावं ठेवून मोकळे होतात. टेबलावर लॅपटॉपशेजारी ठेवला तर स्कॅन कोरं. खिडकीत ठेवला तर थोडंफार. नव्या इमारतींच्या काचांना उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असतो, तो सिग्नलही अडवतो. तिथं खिडकी किंचित उघडून अँटेना बाहेरच्या पत्र्यावर चिकटवला की तीच खोली, तीच स्टिक, आणि सगळ्या वाहिन्या हजर. बुडाखाली पत्रा मिळाला की फरक लगेच कळतो. अँटेना आडवा करूनही बघा. बऱ्याच ठिकाणी प्रक्षेपण आडव्या ध्रुवीकरणाचं असतं, म्हणजे लहरी आडव्या दिशेत कंप पावतात, आणि उभी काडी तिथं कमी पडते. खोलीच्या भिंतीतल्या टीव्हीच्या सॉकेटवर मात्र भरवसा नको. अनेकदा तिथं केबल किंवा हॉटेलची स्वतःची यंत्रणा असते, आणि या स्टिकला ती वाचता येत नाही.

सोबत आलेलं सॉफ्टवेअर भिकार आहे. देश बदलला की जुन्या वाहिन्यांची यादी पुसतही नाही, नवी तिच्याखाली जोडत जातं. मी आता व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर वापरतो. फ्रेंच वाहिन्यांवर सिनेमा डब केलेला असला, तरी बऱ्याचदा मूळ भाषेचा ऑडिओ ट्रॅकही सोबत येतो. ऑडिओच्या मेनूत जाऊन तो निवडला की झालं. हे बाहेरच्या माणसाला सहज समजत नाही, पण माझ्या मते या सगळ्या उद्योगातला सर्वात मोठा फायदा तोच. रेकॉर्डिंगही छान होतं. रात्री आठच्या जर्मन बातम्या पंधरा मिनिटांच्याच असतात. त्या साठवून पुन्हा पुन्हा ऐकल्यामुळे माझं जर्मन बरंच सुधारलं.

चालत्या ट्रेनमध्ये मात्र विसरा. चित्राचे चौकोन होतात आणि आवाज तुटतो. तासाभरात स्टिक चांगलीच तापते, अजून बंद पडलेली नाही.

आठवड्याभराच्या सहलीसाठी हे घेऊ नका, वायफायवर जे मिळेल ते बघा. महिना-दोन महिने मुक्काम असेल तर जरूर घ्या, आणि सोबत मीटरभर यूएसबी एक्स्टेंशन केबलही. लॅपटॉपपासून स्टिक थोडी लांब गेली की सिग्नलमधला गोंगाट कमी होतो. ती केबल खोक्यात येत नाही.