फ्युएल पंप बदलायचाय? म्हापशातलं हे गॅरेज बघा

गाडी पर्वरीच्या चढावर दम टाकायला लागली, सकाळी स्टार्टर नुसता फिरत राहायचा, तेव्हा मित्राने इथे पाठवलं. मेकॅनिकने लगेच पंप (टाकीतलं पेट्रोल इंजिनला पोचवणारा) गेला असं सांगितलं नाही, आधी फ्यूज न् रिले, म्हणजे पंपाला करंट देणारा स्विच, बघितला, मग गेज लावून पेट्रोलचं प्रेशर मोजलं आणि मगच म्हणाला, पंपच गेलाय दादा.

मला आवडलं ते कामाची पद्धत. गाडी वेल्डिंगपासून लांब, उघड्या शेडमध्ये घेतली, पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू केलं आणि ते आपोआप बंद पडेपर्यंत थांबला, म्हणजे लाईनमधलं प्रेशर उतरतं नाहीतर पाईप काढताना पेट्रोल थेट तोंडावर उडतं! मग बॅटरीची निगेटिव्ह काढली, फायर एक्स्टिंग्विशर शेजारी. आमच्या गाडीत पंप मागच्या सीटखाली, तर झाकणाभोवतीची लाल माती आधी ब्रशने साफ केली, टाकीत पडू नये म्हणून. रबर सील नवीनच टाकलं, जुनं फुगलेलं मला हातात दिलं. शेवटी इग्निशन दोन-तीनदा ऑन-ऑफ करून गळती बघितली, मगच स्टार्ट.

टाकी कायम रिझर्व्हवर ठेवू नका म्हणाला, पेट्रोलमुळेच पंप थंड राहतो.

पार्ट ओरिजिनल, बिल पक्कं. मजुरी जरा जास्त वाटली पण पेट्रोलच्या कामात मी घासाघीस करत नाही बाबा. बसायला जागा मात्र नाही, आणि शुक्रवारी बाजारामुळे पार्किंगची बोंब, त्या दिवशी जाऊच नका.